पाऊल दिसेल एवढा पंप

बंबकाकांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास होता आणि ती गोष्ट म्हणजे जोर. त्यांची उभी हयात अग्निशमन दलात गेली, आणि तीही बंबाच्या पंपाशी. पाणी पाचव्या मजल्यावर पोहोचलं पाहिजे म्हणजे पोहोचलं पाहिजे, मग पाइप फाटो नाहीतर खांदा निखळो. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय करणार? नळ सोडला तर पूर्ण सोडायचा, दार लावलं तर धाडकन लावायचं, आणि बोलायचं ते शेजारी भोंगा वाजत असल्यासारखं. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना बंबकाका म्हणत आणि त्यांच्या बायकोला नुसतं काकू.

अशा या जोरवाल्या माणसाचा सगळा जोर एका सकाळी पार उतरला. काकू न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. अर्धांगाचा झटका. परक्या लोकांना धुरातून खांद्यावर टाकून आणणारा हा माणूस, पण बायकोचा हात धरून फरशीवर बसून राहिला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ‘अगं, अगं’ यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. लोक म्हणाले, काका, तुम्ही तरी काय करणार होतात? लोकांचं बरोबरच होतं. पण काकांना ते कधी पटलं नाही. आपली वेळ आली तेव्हा आपण नुसते बसून राहिलो, हे त्यांच्या मनातून जाईना.

काकू वाचल्या. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, हात हळूहळू ताळ्यावर आला. जीभ तर एक दिवसही अडली नाही, असं काका म्हणत. राहिलं ते डावं पाऊल. ते उचललं जाई, पुढे टाकलंही जाई, पण कुठे पडलं ते काकूंना कळत नसे. चटई आहे की फरशी, गार आहे की गरम, काही नाही.

‘माझं पाऊल माहेरी गेलंय,’ काकू येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत. ‘केव्हा परत येणार, ते काही कळवत नाही.’

जुन्या घराला जिने फार, म्हणून दोघं लेकीकडे राहायला आले. लेकीचं घर बैठं. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता, आधीच्या मालकाने हौसेने बांधलेला. लेक-जावई दोघंही दिवसभर नोकरीला, पोहणार कोण? पंप केव्हाच जळून गेला होता आणि पाणी शेवाळून हिरवं पडलं होतं. घरातले त्याला पूल म्हणत. काका त्याला हौद म्हणत आणि लेक वैतागत असे.

काकूंकडून व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. दणकट बांध्याच्या, बोलायला गोड आणि करायला खाष्ट. घरात त्यांचं नाव पडलं व्यायामताई. त्यांनी तो हिरवा तलाव पाहिला आणि थबकल्याच.

‘अहो, हे दारात असताना तुम्ही खोलीत कसल्या फेऱ्या मारताय?’ त्या म्हणाल्या. ‘पाण्यात अंगाचं ओझं निम्म्यावर येतं. पडलं तरी लागत नाही. काकू रोज छातीएवढ्या पाण्यात चालल्या तर पाय पुन्हा शिकेल. पण आत्ता, या काही महिन्यांत. नंतर पायालाही आळसाची सवय लागते, मग तो कुणाचं ऐकत नाही.’

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी वॉकरच्या दांडीवर बोटं आवळली.

‘उतरीन,’ त्या म्हणाल्या. ‘पण एक सांगून ठेवते. हे पाऊल मला कळत नाही, तर ते निदान मला दिसलं पाहिजे. तळाशी टेकलेलं दिसलं पाहिजे. जे कळत नाही आणि दिसतही नाही, त्याच्या भरवशावर मी उभी राहणार नाही.’

झालं, काकांना कामगिरी मिळाली. किती महिन्यांनी त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला. पाणी निवळायचं, म्हणजे ते फिल्टरमधून फिरवायचं, म्हणजे पंप. आणि पंप या विषयात या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं कारण नव्हतं.

जावयाने तरी उघडलं. जावई मोजून-मापून वागणारा माणूस, साखरसुद्धा चमचा सपाट करून घालणारा. तो म्हणाला, ‘बाबा, आधी पुलाचं माप घेऊ, मग त्याप्रमाणे—’

‘जावईबापू,’ काका म्हणाले, ‘माप शिंपी घेतात.’

पंपाचं दुकान एक बाई चालवत. दुकानात भिंतभर पंप मांडलेले, आणि बाई काउंटरमागे एका उघड्या मोटरचे बेअरिंग काढत बसलेल्या. त्यांनी हात पुसले आणि सरळ तीन प्रश्न विचारले. तलावात पाणी किती मावतं, पाइप किती जाडीचा आहे आणि फिल्टर केवढा आहे. काकांना हे प्रश्न आवडले नाहीत. आजवर त्यांना कुणी विचारायचं ते एवढंच, की काका, पाणी कुठवर जाईल?

‘बाई, मी लाथ मारीन तिथे पाणी काढणारा माणूस आहे,’ ते म्हणाले. ‘मोठ्यातला मोठा दाखवा.’

‘काका, घरच्या पुलाला एवढा लागत नाही. उलट त्रास होतो.’

‘त्रास कमी पडल्यावर होतो. जास्त असलेलं काय वाईट?’

बाईंनी आणखी एकदा सांगून पाहिलं, मग पावती फाडली. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार? तीन हॉर्सपॉवरचा पंप टेम्पोत चढला, आणि त्याच्याशेजारी मांडी घालून काका स्वतः बसले. रस्त्यातल्या खड्ड्यांत पंपाला धक्का बसू नये म्हणून वाटभर त्याच्यावर हात ठेवून होते.

पंप सुरू झाला तो दिवस मात्र पाहण्यासारखा होता, हे कबूल केलं पाहिजे. तलावाच्या भिंतीतल्या तोंडातून पाणी असं उसळलं की समोरच्या भिंतीवर आपटून माघारी आलं. जावई दोन पावलं मागे सरला. लेकीचे वाळत घातलेले टॉवेल भिजले. काका काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरली होती.

औषध टाकल्यावर हिरवेपणा गेला. शेवाळ मेलं आणि पाणी पांढुरकं झालं, ताकासारखं. ठीक आहे, आता फिल्टर गाळेल, सगळे म्हणाले. फिल्टर म्हणजे पंपाशेजारचं एक बुटकं गोल पिंप, आत वाळू भरलेलं. पाणी वरून वाळूत शिरतं, मळ वाळूत अडकतो, स्वच्छ पाणी खालून तलावात परत. काम सरळ होतं. पण पंप दिवसभर चालला तरी पाणी पांढुरकंच. आणखी चालवला, तरी पांढुरकंच. वर पंप आता कडकड आवाज करू लागला, जणू पोटात खडे भरलेत. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं की तुमच्याकडे काही दळताय का.

‘निवळतंय,’ काका सगळ्यांना सांगत. ‘आज कालच्यापेक्षा बरं आहे.’

बरं काही नव्हतं. पण ज्याने आयुष्यभर जोर लावला त्याला जोर लावूनही काम होत नाही हे दिसत नाही. आणि व्यायामताईंनी सांगितलेले महिने तर निघून चालले होते. काकांची झोप उडाली, ते काठावर येऊन पहिली पायरी दिसते का पाहत. पहिली दिसे. दुसरी दिसते असं ते स्वतःला सांगत.

शेवटी त्यांनीच घाई केली. पी हळद आणि हो गोरी. व्यायामताई आल्या होत्या, ऊन चांगलं होतं, काका म्हणाले, ‘अगं, आज उतर. जवळजवळ स्वच्छच आहे. मी आहे ना धरायला.’ काकूंनी पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पाहून त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. पाणी त्यांना फसवत नव्हतं, त्या या माणसापायी फसल्या.

पायऱ्या त्या कठडा धरून नीट उतरल्या. तळावर आल्या, काकांचा हात धरून चार पावलं टाकली. मान खाली, डोळे पाण्यात. पण गुडघ्याखाली सगळं पांढरं. ‘अहो, मला दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘चल, चल, थोडंच राहिलंय,’ काका म्हणाले आणि त्यांनी हात ओढला. तेवढ्यात त्या भिंतीतल्या तोंडासमोर आल्या, आणि काकांच्या लाडक्या धारेने त्यांना कुशीत जी ढुशी मारली, त्यासरशी त्यांचा पाय सुटला. काकू पाण्याखाली गेल्या. क्षणभरच. व्यायामताईंनी एका हाताने वर काढलं. लागलं काही नाही, नाकातोंडात पाणी गेलं इतकंच.

काकू काठावर टॉवेलमध्ये गुंडाळून बसल्या. घरात सगळ्यांची टिंगल करणारी ही बाई, त्या दिवशी तिने कुणाची टिंगल केली नाही.

‘मी आता उतरणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणा माझा वॉकर. तो बरा आहे, त्याला मी ओळखते.’

संध्याकाळी काकांच्या कानावर व्यायामताईंचं बोलणं पडलं. त्या दारात लेकीला सांगत होत्या की पाणी सोडलं तर पुढे वॉकर सुटेलसं वाटत नाही, आपण प्रयत्न करत राहू, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. काका आत गेले नाहीत, तसेच मागच्या अंगणात जाऊन तलावाच्या काठावर बसले. पंप कडकडत होता. दुसऱ्यांदा, ते मनाशी म्हणाले. दुसऱ्यांदा ही माझ्यासमोर पडली. आणि या वेळी मी नुसता बसलो नव्हतो, मीच पाडली.

मागे खिडकी उघडली. काकू खुर्चीत बसल्या होत्या, केस अजून ओले.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘ते बंद करा आता. पाण्याला आग लागलेली नाही.’

दुसरं कुणी असं बोललं असतं तर काकांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ते उठले आणि मुकाट्याने पंप बंद केला. एकदम शांतता झाली. त्या शांततेत, किती दिवसांनी, त्यांनी डोकं वापरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकूंचा एक जुना पायमोजा मागून घेतला. काकूंनी कशाला ते न विचारता तो काढून दिला. काकांनी तो मोजा भिंतीतल्या तोंडावर घट्ट बांधला, थोडा वेळ पंप चालवला आणि सोडून पाहिला. मोज्याच्या टाचेत मूठभर बारीक वाळू. फिल्टरमधली. म्हणजे जी वाळू मळ अडवायला ठेवली होती तीच पाण्याबरोबर पळून येत होती, मग मळ कसला अडतोय?

मग ते फिल्टरवरच्या दाबाच्या काट्याकडे गेले. काटा लाल रेघेच्या पार होता आणि तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. काकांनी रोज पाहिला होता. रोज पाहून त्यांना वाटलं होतं, वा, काय प्रेशर आहे. आता त्यांनी पंप आणि फिल्टर यांच्यामधला व्हॉल्व्ह हळूहळू आवळत नेला. धार मंदावली, काटा खाली आला, आणि मधेच एका जागी पंपाच्या पोटातले खडे गप्प झाले. काका तिथेच उकिडवे बसून राहिले.

कारण ही गोष्ट त्यांना माहीत होती. माहीत काय, त्यांनी ती शिकवली होती. दलात नव्या भरतीच्या पोरांना ते ओरडून सांगत की बारीक पाइपाला मोठा पंप लावू नका रे, पंपाला पुरेसं पाणी मिळालं नाही की तो आतल्या आत स्वतःला खातो. तलावातून पंपाकडे येणारा पाइप दोन इंची होता. एवढ्या बारीक नळीतून त्यांनी राक्षसाला पाणी प्यायला बसवलं होतं. अति तिथे माती म्हणतात, इथे तर शब्दशः झाली होती.

ते स्वतःवरच एवढ्या मोठ्याने हसले की लेक चहाचा कप घेऊन बाहेर आली.

‘बाबा, काय झालं?’

‘नाकापेक्षा मोती जड झाला,’ काका म्हणाले. ‘तुझ्या नवऱ्याला बोलव. आणि येताना त्याला टेप आणायला सांग, शिंप्याची असली तरी चालेल.’

सासरा-जावयाचं तेव्हापासून जे गूळपीठ जमलं ते विचारू नका. जावई काठावरून लांबी-रुंदी सांगतोय, काका लेंगा वर खोचून पाण्यात उभे राहून खोली सांगतायत, उथळ टोकाची वेगळी, खोल टोकाची वेगळी. गुणाकार झाला, पाणी किती ते निघालं. मग काका म्हणाले, हे सगळं पाणी दिवसभरात एकदा फिल्टरमधून गेलं की पुरे, त्याला काय गाडी पकडायचीय? भागाकार झाला. मग फिल्टरच्या पिंपावरची पाटी पुसून वाचली. त्यावर लिहिलंच होतं की तासाला जास्तीत जास्त इतकं पाणी. जावयाने ते वाचलं आणि मान खाली घातली, कारण त्याला हसू येत होतं.

‘हस,’ काका म्हणाले. ‘दाबू नकोस, प्रेशर वाढतं.’

दुकानात शिरण्याआधी काका दाराशी दोनदा घुटमळले. गेलेल्या तोंडाने परत जायचं म्हणजे काही सोपं नाही. बाई तशाच काउंटरमागे होत्या. काका समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन आलोय.’

बाईंनी उत्तरं ऐकली. त्यांनी ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मोठा पंप त्या परत घ्यायला तयार झाल्या, म्हणाल्या एका हॉटेलच्या पुलाला तो चपखल बसेल. मग त्यांनी एक हॉर्सपॉवरचा पंप काढून ठेवला.

‘हा नको,’ काका म्हणाले. ‘अर्ध्याचा दाखवा.’

‘अर्धा? काका, एकदम एवढं खाली नका येऊ. एकचा घ्या. थोडं हाताशी जास्त असलेलं बरं.’

‘या वाक्यानेच माझं वाटोळं केलंय,’ काका म्हणाले. ‘तो फिल्टर लहान आहे बाई. एकचा पंप त्याच्या पाटीवरच्या आकड्याच्या पुढे जातो. आणि मला धार नकोच आहे. माझी बायको त्या धारेसमोरून चालणार आहे.’

बाईंनी पंपाचा तक्ता काढला, पाइपाची लांबी विचारली, कोपरे किती ते विचारलं, पेन्सिलीने पुन्हा मांडून पाहिलं. काका उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

‘अर्धाच,’ त्या म्हणाल्या. ‘बरोबर आहे तुमचं.’

त्या दिवशी काकांना जे वाटलं ते पाचव्या मजल्यावर पाणी पोहोचवतानाही वाटलं नव्हतं. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप एका पिशवीत मावला. काका तो काखेत घेऊन चालत घरी आले, आणि वाटेत चारजणांनी विचारलं तर चारही जणांना तो काढून दाखवला.

फिल्टर उघडला तेव्हा तळाच्या चाळण्या तडकलेल्या निघाल्या, धारेचा प्रताप. त्या बदलल्या, नवी वाळू भरली, नवा पंप बसवला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. निदान सगळ्यांना तसं वाटलं. भिंतीतल्या तोंडापाशी पाणी जरासं थरथरलं, बस.

‘बाबा, चालू आहे ना?’ लेकीने विचारलं.

काकांनी पंपावर तळहात ठेवला. आत बारीक, एकसारखी घरघर होती, मांजराच्या पोटासारखी. ‘चालू आहे,’ ते म्हणाले, आणि या वेळी कुजबुजत म्हणाले. लेकीने आयुष्यात पहिल्यांदा बापाला कुजबुजताना ऐकलं.

मग थांबायचं होतं, आणि थांबणं हे काकांना बापजन्मात जमलेलं नव्हतं. पण त्यांनी केलं. दुसरी पायरी दिसू लागली, मग तिसरी. मग एका सकाळी तळाच्या निळ्या टाइल्स दिसल्या, धूसर का होईना. दुपारी टाइल्सच्या मधल्या रेघा दिसल्या. पण काकूंना काकांनी चकार शब्द सांगितला नाही. चल म्हणाले नाहीत, बघ म्हणाले नाहीत. एकदा ओढून पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं. काकू खिडकीत बसत आणि बाहेर बघत, आणि बघत नसल्याचं दाखवत.

एक दिवस चहा पिऊन झाल्यावर वॉकरची टकटक मागच्या दाराशी आली. काकू काठापर्यंत आल्या. हातात बशीतला चमचा होता. कुणाला काही न विचारता त्यांनी तो खोल टोकाच्या बाजूला पाण्यात टाकला. चमचा हेलकावे घेत खाली गेला आणि तळाशी टेकला. काकू वाकून बघत राहिल्या. काका माठासारखे उभे.

‘दांडीवरची वेल दिसतेय,’ काकू म्हणाल्या. ‘पानंसुद्धा.’

‘हो,’ काका म्हणाले.

‘पंप बंद आहे का?’

‘चालू आहे.’

काकूंनी पंपाकडे पाहिलं, मग काकांकडे. ‘एवढासा?’

‘एवढासा.’

‘आणि तुम्ही आणलात? तुम्ही?’ काकूंच्या डोळ्यांत ते जुनं हसू आलं, किती दिवसांनी. ‘अंगात ताप वगैरे नाही ना? बोलवा त्या व्यायामताईंना.’

दुसऱ्या दिवशी सगळे हजर. लेकीने रजा टाकली, जावयाने उशिरा जातो म्हणून कळवलं, शेजारच्या बाई कुंपणावर. काकू पायऱ्या उतरल्या. पाणी छातीपर्यंत आलं, आणि तळाशी त्यांची दोन्ही पावलं, निळ्या टाइलवर, बोटं मोजावीत इतकी स्पष्ट. डाव्या पावलाची करंगळी जरा वळलेली होती. ‘ही बया नीट उभी राहत नाही,’ काकू म्हणाल्या, आणि बघून बघून त्यांनी ती सरळ केली.

पहिलं पाऊल टाकायच्या आधी मात्र त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. काका शेजारी पाण्यात उभे होते, हात पसरून, कुठूनही पडली तरी पकडता येईल अशा बेताने.

‘काय झालं?’ त्यांनी विचारलं. ‘भीती वाटते का?’

‘अहो, बाजूला व्हा,’ काकू म्हणाल्या. ‘तुमच्या सावलीत मला पाऊल दिसत नाही.’

काका बाजूला झाले. कुणाला वाटेल यात काय मोठंसं, पण त्या माणसाने आजवर केलेल्या सगळ्या धाडसांत हे सगळ्यात अवघड होतं. ते मागे सरत सरत काठाला टेकले आणि हात पाठीमागे धरून उभे राहिले. काकू निघाल्या. मान खाली, एकेक टाइल, एकेक पाऊल. डावं उचललं, पाहिलं, टेकवलं, पाहिलं, मग भार दिला. भिंतीतल्या तोंडासमोर आल्या तेव्हा लेक काठावर दोन पावलं पुढे झाली. पाणी त्यांच्या कुशीशी जरासं खेळलं आणि सोडून दिलं. काकू पलीकडच्या भिंतीला पोहोचल्या आणि त्यांनी टाइलवर थाप मारली. जावई, तो मोजून-मापून वागणारा माणूस, बुटांसकट पहिल्या पायरीवर उतरला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

‘आता परत,’ व्यायामताई म्हणाल्या.

काकू वळल्या. समोर काठाला टेकून रडणारा नवरा दिसला आणि त्यांचं तोंड सुटलं.

‘झालं का तुमचं सुरू?’ त्या म्हणाल्या, आणि निघाल्या. ‘आधीच एवढं पाणी, त्यात आणखी कशाला भर घालताय? आणि तो लेंगा बघा, किती वेळा सांगितलं की पाण्यात उतरायचा लेंगा वेगळा ठेवा. सगळा विटलाय. आणि माझा मोजा कुठाय? एक मोजा घेऊन गेलात तो आणून दिला नाहीत, आता मी एका पायात काय घालू? जावईबापू, तुम्ही ते बूट काढा आधी, चामडं आहे, वाया जाईल. आणि तुम्ही असे काय बघताय माझ्याकडे?’

त्या काकांच्या समोर येऊन उभ्या होत्या. आख्खा तलाव चालून.

या वेळी काकांना शब्द सापडले. ‘तू खाली बघितलं नाहीस,’ ते म्हणाले. ‘तिथून इथपर्यंत. एकदाही नाही.’

काकूंनी खाली पाहायला मान वळवली, आणि मध्येच थांबवली. पाण्याखाली त्यांनी डावं पाऊल उचललं आणि तळावर हलकेच आपटलं, एकदा, पुन्हा एकदा.

‘कशाला बघू?’ त्या म्हणाल्या. ‘आहे ना तिथे. गार लागतंय त्याला.’